नैऋत्येची भिंत

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नरडाण्याच्या उत्तरेला असलेल्या एका बंद दगडखाणीच्या नैऋत्य भिंतीवर शृंगी घुबडाच्या मादीने तीन अंडी घातली. त्याच आठवड्यात खाणमालकाने तीच भिंत मुरूम टाकून बुजवायला सुरुवात केली. मालकाचा हेतू चांगला होता. त्याला निसर्गाची भरपाई करायची होती.

हे प्रकरण ज्या नोकरीत माझ्यासमोर आले, ती नोकरी आधी सांगितली पाहिजे. जळगावच्या एका दैनिकात वीसेक वर्षे जिल्ह्याचे पान काढल्यावर ते पान बंद झाले. पान बंद झाल्याची बातमी त्याच पानासाठी लिहिली होती. ती जागेअभावी वगळली गेली. त्यानंतर धुळ्याच्या एका छोट्या संस्थेत काम मिळाले. दगडखाणींच्या परिसरातील शिकारी पक्ष्यांचा अधिवास राखणे आणि खाण बंद झाल्यावर तो पूर्ववत करणे, हा संस्थेचा उद्देश. पदाचे नाव क्षेत्र समन्वयक. समन्वय कोणाचा कोणाशी, हे नेमणुकीच्या वेळी कोणी सांगितले नाही. एका बाजूला खाणमालक असतात, दुसऱ्या बाजूला घुबड, ससाणा, गरुड, आणि बैठकीला यांपैकी एकच बाजू येते, हे पुढे कळले.

खाण आणि पक्षी यांचा संबंध बाहेरच्या माणसाला लागत नाही. तो सोपा आहे. खानदेशात सातपुडा सोडला तर उभे कडे फारसे नाहीत. जमीन सपाट, मधूनमधून टेकड्या, आणि टेकड्यांवर गवत. शृंगी घुबडाला अंडी घालायला उभ्या दगडातली कपार लागते. ते काड्या आणत नाही, घरटे बांधत नाही. कपारीतल्या मातीला थोडा खोलगटपणा असला की त्याचे काम होते. माणसाने रस्त्याच्या खडीसाठी टेकडी उभी कापली. खडी रस्त्यावर गेली, मागे कडा उरला. आमच्याकडे त्याला खदान म्हणतात. खदान बंद पडून काही वर्षे झाली, की कड्याला भेगा पडतात, कपारी होतात, खाली पाणी साठते, पाण्याभोवती उंदीर येतात. घुबड येते. त्याने पर्यावरणावरचे अहवाल वाचलेले नसतात, त्यामुळे ही जागा उद्ध्वस्त आहे हे त्याला माहीत नसते.

कपार शोधण्याची रीतही साधी आहे. भिंतीसमोरच्या काठावर, शक्य तितक्या लांब बसायचे आणि दुर्बिणीने दगडावरचे पांढरे ओघळ शोधायचे. ते विष्ठेचे असतात. ओघळाच्या वर कपार आणि खाली, नशीब असेल तर, घुबडाने ओकलेले केसांचे आणि हाडांचे गोळे सापडतात. एक गोळा फोडला तर उंदरांच्या कवट्या निघतात. शेतकऱ्याला घुबडाचे महत्त्व पटवण्यासाठी संस्थेने रंगीत माहितीपत्रक छापले होते. हातावर ठेवलेल्या एका गोळ्याने जे काम होते, ते त्या पत्रकाने कधी झाले नाही.

या कामातली सर्वात अवघड गोष्ट म्हणजे काही न करणे. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत त्या बाजूला सुरुंग नाही, यंत्र नाही, माणूस नाही. एवढेच. पण निसर्गासाठी काही न करणारा माणूस अजून भेटायचा आहे. प्रत्येकाला काहीतरी करायचे असते, आणि केलेले दिसायलाही हवे असते.

भुसावळकडच्या एका क्रशरमालकाने खाणीच्या तोंडाशी मोठा फलक लावला. 'येथे दुर्मिळ गरुडांचा वास आहे.' फलकावरचा गरुड पांढऱ्या डोक्याचा होता. तो अमेरिकेत आढळतो. मालकाचे म्हणणे होते की आपला गरुड फोटोत एवढा रुबाबदार दिसत नाही. दुसऱ्या एका खाणीवर घुबडाच्या कपारीसमोर सौर दिवे बसवले गेले. बसवणाऱ्या व्यवस्थापकाला कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले की बिचाऱ्याला रात्री उठावे लागते, अंधारात धडपडायला नको. पहिल्याच आठवड्यात घुबड निघून गेले. दिवे मात्र अजून लागतात.

या दोन गोष्टी हसून सांगता येतात. तिसरी येत नाही. चोपड्याच्या बाजूला एका खाणीलगत गवताळ माळ होता. थंडीत तिथे भोवत्या यायच्या. हा बाहेरदेशातून येणारा शिकारी पक्षी, दिवसभर शेतांवरून घिरट्या घालतो आणि संध्याकाळी थव्याने गवतात उतरून जमिनीवरच झोपतो. त्या माळाचे पुनरुज्जीवन झाले. म्हणजे गवत काढून खड्डे खणले आणि झाडे लावली. समारंभ झाला, फेटे बांधले गेले, झाडे जगली. भोवत्या आल्या, वरून फिरल्या आणि पुढे गेल्या. पुढच्या थंडीत वरूनही फिरल्या नाहीत. त्या वृक्षारोपणाला पुरस्कार मिळाला. माळ होता तेव्हा त्याला कोणी पुरस्कार दिला नव्हता, कारण तिथे काहीच नव्हते.

आता नरडाण्याची खदान.

मालकाचे नाव सुपडू नाना. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पांढरी टोपी, गुडघे दुखणारे, आवाज सुरुंगवाल्याचा. हयातभर सुरुंगाच्या शेजारी उभे राहिल्यामुळे नाना कुजबुजत बोलले तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचे. त्यांनी तरुणपणी शेत सोडून खदान सुरू केली. गावामागची टेकडी त्यांनी हयातीत अर्धी संपवली. त्या टेकडीच्या खडीतून आजूबाजूचे कितीतरी रस्ते झाले. रस्त्यांवरून गाव पुढे गेले आणि पुढे गेल्यावर गावाने नानांना नाव ठेवले, डोंगरखाऊ. तोंडावर कोणी म्हणत नसे. चहाच्या टपरीवर नाना येताना दिसले की कोणीतरी सावकाश म्हणे, जेवण झालं का नाना, आणि बाकीचे कपात बघत.

नानांना हे सगळे कळत होते. खदानीची परवानगी संपली, दगडही संपत आला, आणि म्हाताऱ्याने मनावर घेतले की खाल्लेला डोंगर परत करायचा. खड्डा भरायचा, त्यावर बाग करायची, बागेला वडिलांचे, आबांचे नाव द्यायचे. पहिल्या भेटीत त्यांनी हे खाणीच्या काठावर उभे राहून सांगितले.

"पत्रकार, मी डोंगर खादा. आते भरी देसू. मराना पहिले हाई एकच काम शे."

खाणमालक बहुतेक वेळा दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना खाण बंद झाल्यावर तिकडे बघायचेही नसते. दोन, ज्यांना बघायचे नसते पण बघितल्याचा फोटो हवा असतो. नाना तिसऱ्या प्रकारचे निघाले. त्यांना खरोखर पश्चात्ताप झाला होता. या कामात पश्चात्ताप झालेल्या माणसाइतका धोकादायक माणूस दुसरा नाही. त्याला थांबवायचे कसे, याची तरतूद कोणत्याही नियमात नसते.

मुरूम टाकण्याचे काम सलीमभाईंकडे होते. भुसावळचे, डंपर आणि पोकलेन चालवणाऱ्यांचे मुकादम, नानांकडे अर्धे आयुष्य काढलेले. मादी कपारीत बसलेली दिसली त्या दिवशी दुपारी डंपर नेमके त्याच भिंतीच्या पायथ्याशी रिकामे होत होते. मुरुमाचा ढीग कपारीच्या बराच खाली होता, पण चढत होता. सगळी खदान मोकळी पडलेली असताना सुरुवात याच कोपऱ्यातून का, असे सलीमभाईंना विचारले.

"भाऊ, मी मुरूम टाकतो," ते म्हणाले. "कुठे टाकायचा ते नाना सांगतात. नानांना शास्त्रीजी सांगतात. शास्त्रीजींना कोण सांगतं, ते तुम्ही पत्रकार आहात, तुम्ही काढा."

शास्त्रीजी म्हणजे धुळ्याचे वास्तुतज्ज्ञ. पूर्वी त्यांचे फरशीचे दुकान होते. गिऱ्हाईक फरशी कुठल्या रंगाची घ्यावी असे विचारायचे, तेव्हा ते दिशेप्रमाणे सांगायचे. हळूहळू फरशी मागे पडली आणि दिशा राहिल्या. नानांनी आबांच्या नावाची बाग करायची तर ती वास्तूप्रमाणे व्हावी म्हणून त्यांना नकाशा दाखवला होता. वास्तुशास्त्रात जागेचा नैऋत्य कोपरा उंच आणि जड लागतो, ईशान्य कोपरा उतरता आणि पाण्याचा. नकाशावर खदान म्हणजे एक खड्डा. नैऋत्येला खड्डा, हा महादोष. शास्त्रीजींनी दुकानात बसूनच आदेश दिला, की आधी नैऋत्य भरा.

घुबडाने तीच दिशा निवडली होती. टेकडी त्या बाजूला चढत असल्यामुळे भिंत तिथेच सर्वात उंच होती, दुपारची सावलीही तिथेच पडायची. घुबडाच्या आणि शास्त्रीजींच्या निवडीत फरक एवढाच, की घुबड जागा बघून आले होते.

नानांना दुर्बिणीतून मादी दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितले. मग दुर्बीण खाली घेऊन विचारले की हे घुबड आहे का. हो म्हटल्यावर त्यांनी टोपी काढून डोके पुसले. बागेत घुबड, हे त्यांना कोणी सुचवले नव्हते. पिल्ले उडेपर्यंत तीनेक महिने त्या कोपऱ्यात काम थांबवा, आणि शक्य असेल तर ती भिंत कधीच बुजवू नका, एवढीच विनंती होती. नाना चिडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले.

"तुले घुबडनी चिंता, माले गावनी. त्याले काय, दुसरी कपार देखी लेई. माले दुसरं गाव कोठे शे?"

 गावाने ज्या भोकावरून त्यांना चिडवले, तेच भोक तसेच ठेवा असे आम्ही त्यांना सांगत होतो. वर याला पुनरुज्जीवन म्हणत होतो.

कायदा घुबडाच्या बाजूने होता. कायदा नेहमी बाजूने असतो. तो जागेवर मात्र नसतो. एका कार्यालयात सांगण्यात आले की पक्षी आमच्याकडे येतो, पण जमीन आमची नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगण्यात आले की जमीन आमच्याकडे येते, पण पक्षी आमचा नाही. दोन्हीकडे चहा मिळाला. दोन्हीकडे घुबड म्हटल्यावर एक एक जण हसला. पाहणीसाठी माणूस पाठवण्याचे दोघांनी मान्य केले, पण दुसऱ्याचा माणूस आधी आल्यावर. तेवढ्या दिवसांत मुरूम आणखी वर आला. मादी उठली नाही. डंपर मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्याकडे ती मान वळवून बघायची आणि पुन्हा डोळे अर्धे मिटायची. नर समोरच्या बाभळीत बसून असायचा. त्याने तरी तक्रार केली नाही.

तेव्हा एकच मार्ग उरला, आणि तो कुठल्याही अहवालात लिहिता आला नाही. नानांना विनंती केली, की शास्त्रीजींना एकदा प्रत्यक्ष जागेवर आणू. नाना लगेच तयार झाले. त्यांनाही ते हवेच होते, कारण शास्त्रीजी जागेवर आले तर गाव बघेल.

शास्त्रीजी पांढरी गाडी घेऊन आले. पायात पांढरे बूट. खदानीत उतरताना त्यांचे बूट मुरुमात रुतले आणि पहिली पाच मिनिटे वास्तुशास्त्र बाजूला राहिले. सलीमभाईंनी त्यांना हात दिला, एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. गावातले दहा-बारा लोक काठावर जमले होते. शास्त्रीजींनी मोबाइलमधले होकायंत्र उघडले, भिंतीकडे धरले, आकड्याकडे बघितले, मग भिंतीकडे बघितले. भिंत तीन मजल्यांहून उंच, अखंड काळ्या दगडाची. असे काही तिथे असेल, हे नकाशावरून त्यांच्या लक्षात आले नसावे. त्यांनी होकायंत्र पुन्हा एकदा भिंतीकडे धरले.

पत्रकारितेत एक सवय लागते. समोरचा अडला की आपले मत सांगायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचा, आणि तो असा विचारायचा की उत्तर त्याचे स्वतःचे वाटावे. म्हणून शास्त्रीजींना विचारले, नैऋत्येला जड हवे म्हणजे काय जड हवे, मुरूम की दगड.

"दगड," शास्त्रीजी म्हणाले. "मुरूम भुसभुशीत."

मग उंच हवे म्हणजे आणून रचलेले उंच चालते, की मुळातले उंच जास्त चांगले, असे विचारले. शास्त्रीजींनी खुर्चीत अंग सावरले. समोरून वाट दाखवली जात आहे हे त्यांना कळले होते, पण वाट त्यांच्याच गावाला जात होती. त्यांनी काठावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात निर्णय दिला. ही भिंत म्हणजे मूळ पृथ्वी. मूळ पृथ्वी झाकत नाहीत. नैऋत्येचा दोष इथे नव्हताच, तो नकाशात होता. टाकलेला मुरूम काढून मध्ये पसरवा, ईशान्येला पाणी ठेवा, भिंतीला हात लावू नका. एवढे सांगून ते उठले आणि जाता जाता म्हणाले की नैऋत्य ही पितरांची दिशा, तिथे कोणी वस्तीला आले असेल तर हुसकू नये.

घुबड म्हणजे आबा आहेत, असे शास्त्रीजी म्हणाले नाहीत. हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे गावात तेच सांगितले गेले. नानांनी तसे समजून घेतले. त्यांनी दुर्बीण मागून घेतली, पुन्हा मादीकडे बघितले, आणि या वेळी टोपी काढून हात जोडले. ती मादी आहे, आबा असते तर समोरच्या बाभळीतला नर असता, ही दुरुस्ती त्या प्रसंगी करण्यात आली नाही. त्या दुपारी सलीमभाईंनी डंपर वळवले. पाहणीसाठी दोन्ही कार्यालयांची माणसे अजून आलेली नाहीत.

त्या वर्षी दोन पिल्ले मोठी झाली. घुबडाची पिल्ले उडायला शिकण्याआधीच कपारीतून चालत बाहेर पडतात आणि दगडावर इकडेतिकडे बसतात. त्या दिवसांत माणूस जवळ गेला तर घाबरून खाली पडतात. म्हणून नाना रोज संध्याकाळी समोरच्या काठावर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसू लागले. बसायला कोणी सांगितले नव्हते. गावातले लोक चेष्टा करायला येऊन बसायचे आणि मादी उंदीर घेऊन आली की चेष्टा विसरून बघत राहायचे. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, एकदाच आल्या. आबा कसे बसले आहेत ते नानांनी त्यांना दाखवले. त्यांनी पदर सावरून बघितले.

"सासरा जित्ता व्हता तवय बी रातले झोपू देये नही," त्या म्हणाल्या, आणि घरी निघून गेल्या.

दिवाळीच्या आधी एक अनोळखी माणूस मोटारसायकलवर आला. अमावास्येच्या पूजेसाठी घुबड लागते, चांगली किंमत देतो, असे त्याने टपरीवर सांगितले. या धंद्यात दर दिवाळीला कितीतरी घुबडे मारली जातात. त्यासाठी संस्थेकडे मदतीचा क्रमांक होता, भित्तिपत्रके होती, शाळांतून घ्यायची शपथ होती. यांपैकी काही काढायची वेळ आली नाही. नाना टपरीवर चालत गेले आणि त्यांनी त्या माणसाची गचांडी धरली.

"मना बापले धराले उना का?"

त्या माणसाने नानांकडे बघितले, मग टपरीवरच्या लोकांकडे. कोणी हसत नव्हते. मोटारसायकल वळली आणि गेली. कपात बघणारी मंडळी त्या दिवशी नानांच्या बाजूने उभी राहिली होती, ही गोष्ट नानांनी पुढे वर्षभर प्रत्येकाला सांगितली. वन्यजीव रक्षणाच्या यशोगाथेत हा प्रसंग छापायचा होता. संस्थेच्या नाशिकच्या सल्लागारांनी त्यातून बाप काढायला सांगितला. बाप काढल्यावर प्रसंगात काही उरले नाही, म्हणून तो छापला नाही.

बाग झाली. उद्घाटन फेब्रुवारीत ठरले होते. तो अंडी उबवण्याचा काळ, आणि बँडवाल्यांना आगाऊ सांगितलेले. नानांनीच ते पावसाळ्यावर ढकलले. आबांना गडबड चालत नाही, असे त्यांनी लोकप्रतिनिधींना कळवले. लोकप्रतिनिधींनी यात आपला काही अपमान आहे का ते तपासले आणि तारीख बदलून दिली. ईशान्येला पाणी साठले. मधल्या मुरुमावर लिंब आणि करंज लावले. भिंतीच्या माथ्यावरच्या उतारावर गवत तसेच ठेवले, कारण तिथे झाडे लावली तर शिकारीला मोकळी जागा उरत नाही. हे नानांना पटायला वेळ लागला. गवताला बाग म्हणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी ते एका अटीवर तयार झाले, की आमच्या संस्थेने गावाला लेखी सांगावे की गवत मुद्दाम ठेवले आहे, नानांनी पैसे वाचवले नाहीत. तसे फळ्यावर लिहून लावले. संस्थेच्या आजवरच्या फलकांपैकी लोकांनी थांबून वाचलेला हा एकमेव.

गेल्या वर्षी जानेवारीत नाना गेले. धुळ्याच्या रुग्णालयात, हृदयाच्या जुन्या दुखण्याने. त्या आठवड्यात घुबडांचा जोडीचा काळ सुरू झाला होता, आणि त्या काळात नर अंधार पडताना घुमतो. दर वर्षी घुमतो. त्या वर्षी गावाने ऐकले. आबांनी मुलाला बोलावून घेतले, असे टपरीवर ठरले. तेराव्याच्या आधीच ते पंचक्रोशीत पोचले.

नानांचा मुलगा विजय शिंदखेड्याला सिमेंटचा व्यापार करतो. त्याचा आबांवर विश्वास नव्हता आणि घुबडावर राग नव्हता. त्याला बागेत लग्नाचे लॉन करायचे होते. पाणी आहे, झाडे आहेत, रस्ता आहे. पण समोर घुबड घुमत असताना तिथे मुलीचे लग्न कोण लावणार, हा त्याचा प्रश्न व्यवहाराचा होता. भिंत तिरकी कापून घ्यायची, तिच्यावर वेली सोडायच्या, आणि खालचा दगडही विकला जाईल. त्याने सलीमभाईंना पोकलेन कधी मोकळे आहे ते विचारून ठेवले होते. सलीमभाईंनी आम्हाला फोन करून सांगितले आणि फोन केल्याचे कोणाला सांगू नका, असेही सांगितले. मादी तोवर कपारीत बसू लागली होती.

तेराव्यानंतर ओट्यावर बसणे झाले. विजय, त्याचे मामा, सलीमभाई, गावातले चार जण. अक्का दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून. विजयने विषय नीट मांडला. लॉनचे नाव त्याने काढले नाही. लोक काय म्हणतात ते सांगितले, वडिलांचा जीव गेला ते सांगितले, घरात अजून लहान मुले आहेत ते सांगितले. मामांनी मान हलवली. चार जणांनीही हलवली. आमच्याकडून घुबडाच्या आहाराची आणि मृत्यूशी त्याचा संबंध नसल्याची माहिती देण्यात आली. ती सगळ्यांनी आदराने ऐकली आणि तिचा काही परिणाम झाला नाही. मग सलीमभाई हळूच म्हणाले की खदान अक्कांच्या नावावर आहे. ते सगळ्यांना माहीत होते. अक्कांना विचारायचे असते, हे माहीत नव्हते.

विजयने आत बघितले. "अक्का, तू काय म्हणतेस?"

 अक्कांनी आधी सगळ्यांचा चहा झाला का ते विचारले.

"इतला वरीस सुरुंग लाया, तवय गावमा कोन्ही मरनं नही का?" त्या म्हणाल्या. "घुबड तं आते उनं."

मामा काही बोलायला गेले. अक्कांनी हात वर केला.

"त्यासनी डोंगर फोडा, ते सगळासनी देखं. एक भिंत राखी, तिबी तुम्ही फोडशात? मंग त्यासनं काय ऱ्हायनं?"

 चार जणांपैकी एकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विजय थोड्या वेळाने उठला, अंगणात गेला आणि फोनवर बोलू लागला. सलीमभाईंनी कप उचलून आत नेऊन दिले.

पोकलेन आले नाही. लॉनसाठी विजयने नरडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दुसरी जागा घेतली. त्या वर्षी कपारीत चार अंडी होती. तीन उबली. सर्वात धाकटे पिल्लू मार्चमध्ये कपारीतून पडून मेले. उरलेली दोन एप्रिल संपण्याआधी उडाली. त्यांतले एक पुढे मे महिन्यात भिंतीच्या माथ्यावरच्या गवतात उंदीर धरताना दिसले. यंदाच्या फेब्रुवारीत मादी पुन्हा त्याच कपारीत बसली आहे. अक्का एकदा येऊन बघून गेल्या.